डिकीतला खडखडाट: शॉकअप बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, मागे सीएनजीची टाकी, रनिंग सत्तर हजारांच्या घरात. घोडबंदर रोडवर खड्डे किंवा पेव्हर ब्लॉकचा पट्टा आला की डिकीतून खडखड सुरू होते. एकटे असलात की जास्त, मागे दोन्ही मुलं बसली की जवळजवळ गायब. डिकीतलं सामान काढून पाहिलंत, फरक पडला नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एक चक्कर मारून आणली आणि मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के शोषणारे दांडे, बदला म्हणून सांगितलं. बदलायचे का?

इतक्यात नको. ‘मागे मुलं बसली की गायब’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळ्या प्रश्नात कामाची गोष्ट तीच आहे. शॉकअपचा ठोका असेल तर मागे वजन वाढल्यावर तो थोडा बदलतो, कधी जड होतो, कधी बसका होतो. पूर्ण थांबलेला मी क्वचितच पाहिलाय. मला संशय आहे तो मागच्या सीटच्या पाठीच्या लॉकवर. पण नुसत्या संशयावर स्पॅनर उचलायचा नसतो, म्हणून क्रमाने जाऊ.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हॅचबॅकची मागची बाजू म्हणजे पत्र्याचा रिकामा डबा. डिकी आणि केबिन यांच्यामध्ये भिंत नाही. मागच्या शॉकअपचं वरचं टोक डिकीच्या बाजूच्या प्लास्टिकमागे बसतं, सायलेन्सर डिकीच्या फरशीखाली लोंबतो, सीटच्या पाठीचं लॉक डिकीच्या पुढच्या कडेला असतं आणि दाराचं लॉक मागच्या कडेला. यातलं काहीही वाजलं तरी ड्रायव्हरच्या कानाला ‘डिकीतून आलं’ असंच वाटतं. मागच्या काचेवरून आवाज परत फिरतो तो वेगळाच. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो आणि कशाने थांबतो हे आधी टिपायचं.

प्रकार ओळखलात तरी बरंच काम होतं. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत येणारी सुकी टकटक ही बहुतेक वेळा लॉक, सीट, पार्सल ट्रे (डिकीवरचा झाकणाचा तक्ता) किंवा नंबर प्लेटची असते. मोठ्या खड्ड्यात एकाच बाजूने एकदाच ‘धप्प’ असा ठोका आला तर खाली बघावं लागतं. गाडी उभी, इंजिन चालू, आणि ठराविक रेसवरच झर्रर्र येत असेल तर सायलेन्सरवरचा पातळ पत्रा म्हणजे हीट शील्ड सुटलेली असते. सोसायटीच्या उतारावर गाडी तिरकी चढताना करकर होत असेल तर दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, किंवा प्लास्टिकवर प्लास्टिक घासतंय. आणि वळणावर खुळखुळत एका बाजूने दुसरीकडे जाणारा आवाज म्हणजे काहीतरी सुटं लोळतंय, त्यात दुसरं काही नाही.

आता ‘डिकी रिकामी केली’ म्हणजे काय केलंत, ते बघू. बहुतेक लोक वरच्या पिशव्या, छत्री, बुटांचा डबा काढतात आणि थांबतात. खालचा कार्पेटचा तक्ताही उचलायचा. स्टेपनी, जॅक, जॅकची दांडी, चाकाचा पाना, धोक्याचा त्रिकोण, सगळं बाहेर काढून फरशीवर ठेवायचं आणि मग गाडी फिरवायची. सीएनजीच्या गाडीत टाकीने जागा खाल्लेली असते, त्यामुळे जॅक आणि पाना मूळ जागेवरून उठवून कुठेतरी कोपऱ्यात कोंबलेले असतात, ते विसरू नका. जॅकचं एक तंत्र आहे जे मालकांना कोणी सांगत नाही. कात्रीसारखा उघडणारा जॅक अनेक गाड्यांत कंसात ठेवून हातानेच थोडा उघडायचा असतो, म्हणजे तो वर-खाली टेकून घट्ट बसतो. पंक्चरवाल्याने तो पूर्ण मिटवून परत ठेवला की दुसऱ्या दिवसापासून टणटण सुरू. स्टेपनीचंही तसंच. मधला मोठा प्लास्टिकचा किंवा लोखंडी स्क्रू शेवटपर्यंत आवळलेला हवा. बाहेरून अलॉय व्हील घेतलं आणि स्टेपनीला जुनी लोखंडी रिम ठेवली, किंवा उलट, तर रिमची जाडी बदलते आणि स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटूनही चाक खाली हलत राहतं. चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघा.

बाजूच्या प्लास्टिकच्या खाचांत आणि अस्तरामागे हात घाला. कोकणात जाऊन येणाऱ्या गाड्यांत तिथे काजूच्या बिया, सुपाऱ्या, करवंटीचे तुकडे निघतात. एवढीशी सुपारी पत्र्याच्या पोकळीत गेली तर गिअरबॉक्स सुटल्यासारखा आवाज करते.

हे सगळं काढूनही आवाज येत असेल तर मग खरी परीक्षा. तोच रस्ता, तोच वेग, साधारण वीस ते तीस किलोमीटर. काचा बंद, एसी आणि गाणी बंद. गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर पट्टा लावून बसा. डिकीत बसून दार लावून घेणं, किंवा आवाज नीट ऐकू यावा म्हणून दार उघडं ठेवून चालवणं, दोन्ही करू नका. दार उघडं ठेवून चालवलं की गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग असतो ना वास. मोबाइल रेकॉर्डिंगचा उपयोग फक्त नंतर तुलना करायला. दिशा त्यातून कळत नाही.

तुमच्या बाबतीत माझी पहिली चाचणी अशी असेल. वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, बाटल्यांचे क्रेट, काहीही घ्या, आणि ते पुढच्या सीटच्या मागे पायदानात घट्ट बसतील असे ठेवा. मुलांचं वजन गेलं मागे, पण पाठीला कोणी टेकलेलं नाही. त्याच पेव्हर ब्लॉकवरून जा. खडखड तशीच राहिली तर मागचं वजन वाढणं हे कारण नाही, आणि शॉकअपवरचा संशय तिथेच बराच कमी होतो. आता कॅन काढा, तुम्ही मागे बसा आणि हाताच्या तळव्याने सीटची पाठ, लॉकच्या जवळ वरच्या कोपऱ्यात, डिकीच्या दिशेने दाबून धरा. आधी डावी, मग उजवी. एका बाजूला दाबल्यावर आवाज थांबला, सोडल्यावर परत आला, तर जागा सापडली.

हे का होतं तेही सांगतो. पाठ दुमडता येणाऱ्या सीटमध्ये पाठीच्या कडेला एक आकडा असतो आणि बॉडीला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची जाड लोखंडी कडी. आकडा कडीला धरतो. कडीवर कंपनीतून प्लास्टिकचं किंवा रबरी आवरण असतं, ते काही वर्षांत झिजतं. मग आकडा आणि कडी यांच्यात केसभर फट राहते आणि रिकामी पाठ प्रत्येक धक्क्याला पुढे-मागे आपटते. माणूस टेकला की त्याच्या वजनाने ती फट भरून निघते, आवाज बंद. पाठ पुढे पाडा आणि मोबाइलचा टॉर्च लावून ती कडी नीट बघा. जिथे लोखंडाला लोखंड लागतं तिथे रंग गेलेला असतो आणि नख फिरवलं तर लहानशी खाच लागते. बाकी सगळीकडे धूळ आणि मधोमध तेवढाच नखाएवढा चकचकीत पट्टा, असं दिसलं की पुढचा शोध थांबवायला हरकत नाही.

खात्री करायला कडीवर कापडी वायरिंग टेपचे दोन वेढे गुंडाळा आणि एक फेरी मारा. आवाज गेला तर रोग तोच. पण टेप हा इलाज नव्हे. महिन्याभरात तो फाटतो, त्याचे धागे लॉकमध्ये अडकतात आणि आकडा अर्धाच बसायला लागतो. कायमचं काम दोन प्रकारे होतं. कडीला बोल्ट असतील तर मूळ जागेभोवती मार्करने रेघ मारून बोल्ट किंचित सैल करा, कडी अगदी जराशी मागे सरकवा, परत आवळा. बोल्ट सरकत नसतील तर कडीचं आवरण किंवा कडी सुटी मिळते का ते पार्ट्सच्या काउंटरवर विचारा. काही जण वायरिंगची उष्णतेने आवळणारी नळी कडीवर चढवतात. कडीचं एक टोक सुटं होत असेल तरच ती चढते, पण चढली की चांगली टिकते. काहीही केलंत तरी शेवटी पाठ जोरात ओढून बघायची आणि लॉकजवळची लाल खूण दिसत असेल तर ती पूर्ण आत गेली पाहिजे. पाठ नीट लॉक नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर डिकीतलं सगळं सामान मुलांच्या पाठीवर येतं. इथे आवाजापेक्षा हे महत्त्वाचं.

पाठीला हात लावलाच आहे तर दोन लहान गोष्टी उरकून घ्या. मधल्या सीटच्या पट्ट्याचं बकल रिकामं असताना प्लास्टिकवर किंवा शेजारच्या बकलवर आपटतं, मुलं बसली की ते त्यांच्या अंगाखाली दबतं. तुमचं लक्षण यातही बसतं! दोन्ही बकल सीटच्या फटीत खोचून एक फेरी मारा, पैसे शून्य. दुसरं, पट्टा गुंडाळणाऱ्या चक्रीत एक लहान गोळी असते. गाडी तिरकी झाली किंवा धक्का बसला की ती हलून पट्टा अडकवते. काही गाड्यांत हीच गोळी खराब रस्त्यावर बारीक टिकटिक करते. पट्टा थोडा ओढून हातात धरल्यावर ती टिकटिक बदलली तर कारण कळलं, आणि तो दोष नाही, सोडून द्या.

समजा पाठ निर्दोष निघाली. मग डिकीच्या दाराकडे. माझ्या हाताखाली येणाऱ्या मागच्या आवाजांत सगळ्यात जास्त हेच असतं, म्हणून इथे जरा थांबतो. दार बंद करा, बाहेरून दोन्ही तळहात खालच्या कडेवर ठेवा आणि वर-खाली झटके द्या. दार बॉडीपासून वेगळं हलल्याचं जाणवलं, हलकंसं ‘टक’ आलं, तर दार सैल बसतंय. बंद दाराला घट्ट धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन: मधलं लॉक आणि त्यात शिरणारी कडी, दोन बाजूंचे रबरी बफर, आणि सभोवतालचं बीडिंग. वर्षं गेली की बीडिंग चपटं होतं, रबर कडक होतं, आणि दार लॉकच्या आत नाचायला लागतं. लॉक बिचारं ठीकच असतं.

बफर आधी. बहुतेक दारांना खालच्या दोन कोपऱ्यांत रबरी गुटके असतात आणि बऱ्याच गाड्यांत ते फिरवले की बाहेर येतात. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढा, दार लावा, पुन्हा झटके देऊन बघा. एकाच बाजूला जास्त काढू नका, दार तिरकं बसतं. बफरच्या टोकावर खडू घासून दार लावलं आणि उघडलं तर समोरच्या रंगावर खूण उमटते. एका बाजूला उमटली नाही तर तो बफर टेकतच नाहीये. एखादा गुटका गळून पडलेला सापडणं तर नेहमीचंच, विशेषतः डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत. गाडीला मागून कधी कोणी ठोकलं होतं का, हे मी दर वेळी विचारतो. तुम्ही सेकंडहँड घेतली असेल तर बीडिंगखालची वेल्डिंगची जागा बघा, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत.

बफरने भागलं नाही तर कडी. सीटच्या कडीसारखंच: भोवती मार्करची रेघ, दोन बोल्ट थोडे सैल, कडी एका वेळी मिलिमीटरभर, त्याहून जास्त नाही. आवळा, दार लावा, बघा. कागदाची पट्टी बीडिंग आणि दार यांच्यामध्ये धरून दार लावायचं आणि ओढायची. सगळीकडे सारखी अडून अडून निघाली पाहिजे. कुठे सहज सुटली तर तिथे दाब नाही, पावसात पाणीही तिथूनच येणार. मात्र कडी फार आत घेतलीत तर दार लावायला आपटावं लागतं, आणि वाईट म्हणजे ते पहिल्या खाचेवर अडकून बंद झाल्यासारखं दिसतं. लॉकला दोन टप्पे असतात. दुसरा ‘टक’ ऐकू आला पाहिजे आणि डॅशबोर्डवरची दार उघडं असल्याची खूण गेली पाहिजे. बीडिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा, करकर असेल तर तेवढ्यानेच जाते. गंज सोडवायचा स्प्रे रबरावर मारू नका. दोन दिवस शांतता मिळते, मग रबर फुगून जागेवरून निघतं. आमच्याकडे येणारी अर्धी बीडिंग अशीच वाया गेलेली असतात.

पार्सल ट्रेबद्दल फार लिहीत नाही. तो काढून घरी ठेवा आणि एक दिवस गाडी वापरा. आवाज गेला तर ज्या दोन खुंट्यांवर तो फिरतो तिथे आणि टेकायच्या कडेला पातळ फेल्टची पट्टी लावा, दोऱ्यांच्या टोकाचे आकडे दाराच्या काचेला लागत नाहीत ना ते बघा. झालं.

नंबर प्लेट मात्र तुमच्या गाडीत नक्की बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी प्लेट लावून घ्यावी लागली, तुमची २०१७ ची, म्हणजे जुनी प्लेट काढून नवी बसली असणार. आवाज साधारण तेव्हापासून सुरू झाला का, आठवा. ही प्लेट पातळ ॲल्युमिनियमची असते, कारची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर. बसवणाऱ्याने मागच्या फ्रेमशिवाय थेट दारावर ठोकली असेल तर मोकळी राहिलेली कडा पत्र्यावर वाजते. चाचणी सोपी: डिकीचं दार नेहमीसारखं आपटा आणि प्लेटवर बोटं ठेवून परत आपटा. पहिल्या वेळी शेवटी ‘छन्न’ आलं आणि दुसऱ्या वेळी नाही, तर तीच. तिला पकडणारे स्नॅप लॉक एकदाच वापरायचे असतात, उचकटले की तुटतात, म्हणून प्लेट काढायच्या फंदात पडू नका. कडेने फोमच्या चिकट पट्टीचे दोन-चार तुकडे मागे सरकवा.

आता सीएनजी. इथे माझा सूर बदलतो, कारण बाकी सगळीकडे चूक झाली तर आवाज राहील, इथे तसं नाही. टाकीत भरल्यावर सुमारे २०० बार दाब असतो आणि पोलादी टाकी रिकामीसुद्धा एकट्या माणसाला सहज उचलवत नाही. ती दोन पट्ट्यांनी कंसावर आवळलेली असते आणि पट्टी व टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. ते रबर सरकलं, वाळून गळून पडलं, तर लोखंड लोखंडाला लागतं आणि खड्ड्यात जड, खोलवर जाणारा ठणका येतो. इंजिन बंद करा, टाकीला दोन्ही हात लावून पुढे-मागे ढकला. ती तसूभरही हलता कामा नये. पट्टीच्या कडेला रंग उडून चकाकणारी रेघ दिसते का बघा. टाकीकडून पुढे जाणाऱ्या पोलादी नळीच्या क्लिपा जागेवर आहेत ना आणि नळी पत्र्याला घासत नाही ना, तेही.

हे फक्त बघायचं. बोल्ट आवळायचे नाहीत, नळीच्या जोडाला स्पॅनर लावायचा नाही, आणि रबराच्या जागी गोणपाट किंवा जुनी सायकलची ट्यूब कोंबायची नाही. तसली गाडी मी पाहिलीय, आवाज खरंच गेला होता आणि टाकी कंसावर सैलच होती. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, करणं बंधनकारक आहे. या टाक्यांचे नियम ज्या खात्याकडे आहेत त्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टेस्टसाठी टाकी उतरवतात आणि परत चढवताना घाईत रबराच्या पट्ट्या मागे राहतात, हे इतक्या वेळा पाहिलंय की ‘टेस्ट कधी झाली?’ हा माझा ठरलेला प्रश्न आहे. २०१७ च्या गाडीची ती एव्हाना किमान दोनदा व्हायला हवी होती. झाली नसेल तर आवाजाचं राहू द्या, आधी ते करा. आणि वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद, काचा उघड्या, गाडी पेट्रोलवरही सुरू न करता फिटरला फोन.

दाराच्या आतला खडखडाट हा चिवट प्रकार. वायपरची मोटर, लॉकची दांडी, वायरिंगचे कनेक्टर, सगळं आतल्या प्लास्टिकच्या मागे लपलेलं. दार उघडून आतल्या प्लास्टिकवर मुठीने ठोकत जा, जिथे पोकळ खुळखुळ येते तिथे क्लिप तुटलेली असते. उघडायचं असेल तर क्लिपांची पुडी आधी आणून ठेवा, दोन-तीन तुटणारच. स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची चपटी पट्टी वापरा. सुट्या कनेक्टरला फोम गुंडाळून कापडी टेपने हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, बांधायचं. दाराला वर धरणाऱ्या गॅसच्या दांड्यांची दोन्ही टोकं गोळीवर बसलेली असतात, तिथली स्प्रिंग सुटली की लहान टकटक येते, हाताने दांडी हलवली की लगेच कळतं. सेडान असेल तर या दांड्यांच्या जागी बहुधा आडव्या पिळाच्या सळ्या असतात आणि त्या मधोमध एकमेकींना जिथे ओलांडतात तिथली प्लास्टिकची क्लिप हरवलेली असते. सेडानवाल्यांनी आधी तिथे बघावं.

गाडीखाली काय बघायचं ते गॅरेजमध्ये लिफ्टवरच. सायलेन्सर टांगणारी रबरं हाताने हलवून, हीट शील्डचे बोल्ट, मागच्या एक्सलची बुश (जोडातलं रबर), स्प्रिंगच्या वरची-खालची रबरी बैठक, स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटलेलं नाही ना. तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असतील. ड्रममधले लायनर धरून ठेवणारी लहान स्प्रिंग निसटली तर ते आत खुळखुळतात. रिकाम्या, सरळ रस्त्यावर चालण्याच्या वेगाने, मागे-पुढे कोणी नाही हे पाहून, हँडब्रेक एक-दोन टिक ओढून खडबडीत पट्ट्यावरून जा. तेवढ्यापुरता आवाज थांबला तर ड्रम उघडायला सांगा. हवेचा दाबही बघून घ्या. पेट्रोल पंपावर कोणी चाळीस पीएसआय भरून दिली असेल तर घट्ट गाडीही खुळखुळ्यासारखी वाजते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, टायर थंड असताना.

साउंड डॅम्पिंगचे काळे चिकट पत्रे विकणारे भेटतील. ते रस्त्याची घरघर कमी करतात, पत्र्याचं थरथरणं कमी करतात. सुटलेली क्लिप, झिजलेली कडी किंवा नाचणारा जॅक त्यांनी गप्प होत नाही. शिवाय पाणी निघायची भोकं झाकून टाकली की दुसऱ्या पावसाळ्यात डिकीच्या कोपऱ्यात गंज धरतो. तो खर्च आत्ता करू नका.

राहिला शॉकअप. वरचं सगळं करूनही खडखड कायम असेल तर सर्व्हिस सेंटरला गाडी लिफ्टवर घेऊन शॉकअपमधून गळलेलं तेल दाखवा म्हणा. शॉकअपच्या अंगावर ओला, धूळ चिकटलेला थर असेल तर तो खरंच गेलाय, आणि मग दोन्ही बाजूंचे जोडीने बदलणं बरोबर. अंग कोरडं असेल तर वरच्या टोकाचा नट आणि त्याखालचं रबर तपासायला सांगा. ते रबर शंभर-दोनशे रुपयांत येतं आणि त्याच्या आवाजावर हजारोंचे शॉकअप बदलले जातात. बदललेच, तर खालच्या बुशचा बोल्ट शेवटचा कधी आवळला तेवढं विचारा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना तो घट्ट केला तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी असतानाच तो पूर्ण आवळायचा असतो. आणि बिल देण्याआधी, त्यांच्याच माणसाला मागच्या सीटवर बसवून, सीटच्या पाठीला टेकू न देता, त्याच पेव्हर ब्लॉकवरून एक चक्कर मारून आणा.